परिस्थिती, संग आणि कर्तृत्व

मनुष्याचे आचरण त्याच्या स्वभावातून घडते की परिस्थितीतून, हा प्रश्न आचारधर्माच्या मुळाशी आहे. मुक्ताईनगरजवळील कोथळी येथून दरवर्षी ज्येष्ठात मुक्ताबाईंची पालखी पंढरपुरास निघते. सुमारे महिनाभराच्या त्या वाटेवर अनोळखी माणसे एकमेकांस 'माउली' म्हणतात, शिदोरी वाटून खातात. त्यांतीलच एखादा गृहस्थ घरी परतल्यावर बांधाच्या वीतभर जमिनीसाठी सख्ख्या भावाशी अबोला धरतो. म्हणून वाटेवरचा त्याचा भाव लटका ठरत नाही. संगाने तो जागविला होता. संग सुटताच त्याचा आधार सुटला.

केवळ धर्मज्ञानानेही हा आधार मिळत नाही. अमेरिकेत प्रिन्स्टन येथे धर्मशिक्षण घेणाऱ्या ४० विद्यार्थ्यांची परीक्षा पाहिली गेली. तिचा वृत्तांत १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना दुसऱ्या इमारतीत भाषणास जावयाचे होते आणि वाटेत एक मनुष्य विव्हळत पडला होता. ज्यांना घाई नव्हती त्यांपैकी शेकडा ६३ जणांनी साहाय्य केले. ज्यांना अत्यंत घाई होती त्यांपैकी शेकडा १० जणांनीच. विशेष हे की, कित्येकांच्या भाषणाचा विषय वाटेत पडलेल्या जखमीस साहाय्य करणाऱ्या परोपकाऱ्याची बायबलातील कथा हाच होता!

येथे आशंका अशी की, परिस्थितीच सर्व करविते तर दोष कोणाचा? समाधान असे की, परिस्थिती प्रेरक आहे, कर्ती नव्हे. घाईतही कोणी थांबलाच. शिवाय कोठे राहावे, कोणाच्या संगतीत बसावे, हे निवडणे बऱ्याच अंशी आपल्या हाती असते. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी साधकास स्वदेश, स्वग्राम व आप्तांचा संबंध त्यागून अटन, विजन व भिक्षा सांगितली. 'माझे' हा भाव जेथे पावलोपावली उठतो, तेथे निव्वळ निश्चय पुरत नाही, हे मर्म त्या आज्ञेत दिसते.

साधूनेही सावध असावे. दंडवत मिळत असता टिकलेली क्षमा ही अद्याप स्वतःची क्षमा नव्हे. अवमान झाल्यावर ती उरते काय, हे पाहावे. गृहस्थास गाव सोडणे शक्य नसते. परंतु बांधाचा वाद त्याने क्रोध चेतविणाऱ्यांच्या मेळ्यात न नेता शांत वडीलधाऱ्यांसमोर न्यावा.

म्हणून दुसऱ्याचा दोष पाहताना त्याची परिस्थिती आधी पाहावी, आणि स्वतःचा दोष पाहताना ती परिस्थिती आपण का पत्करली, हे विचारावे. या दोन दृष्टींची अदलाबदल झाली की विवेक संपतो.