राग-द्वेष: शब्द आणि त्याचा अर्थ

क्षणभर वाचन थांबवा आणि मनातल्या मनात एक उत्तर द्या. 'राग-द्वेष सोडावेत' हे वाक्य तुम्ही आजवर कितीतरी वेळा ऐकले असेल. त्यातला 'राग' म्हणजे काय?

'चिडणे, संताप' असे तुमचे उत्तर असेल, तर तुम्ही माझ्यासारखेच आहात. मी इंदूरला वाढले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. बी.कॉम.च्या अभ्यासातून वेळ काढून हिंदी लेखांचे मराठीत भाषांतर करण्याची सेवा मी दोन वर्षांपासून करते. हे सोपे काम आहे असे सगळ्यांना वाटते, कारण लिपी एक आणि निम्मे शब्दही तेच. फसगत तिथेच होते. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. पहिल्याच महिन्यात मी 'गुरूंच्या शिक्षेने जीवन बदलते' असे लिहिले होते. लेख तपासणाऱ्या ताई म्हणाल्या, "बदलतं खरं, पण आपल्याला तसं म्हणायचं नाही ना?"

अशी चूक हसू आणते, म्हणून लगेच पकडली जाते. 'राग'ची चूक मात्र कुणाच्याच लक्षात आली नाही. मूळ हिंदी लेखात 'राग-द्वेष' होते, मी मराठीतही 'राग-द्वेष' ठेवले. संस्कृत शब्द, दोन्हीकडे सारखा, त्याला काय करायचे? वाक्य वाचायला अगदी बरोबर होते.

मग एक दिवस सत्संगातल्या एका काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितले, "तुझा तो लेख वाचला आणि मी चिडणं सोडलं बघ. मुलगा बाहेरगावी असतो. दिवसातून तीनदा फोन करते, त्यानं उचलला नाही की पूर्वी डोकं फिरायचं. सुनेलाही बोलायचे. आता एक शब्द बोलत नाही." मी विचारले, "आणि फोन?" काकू हसल्या. "फोन तीनदाच करते."

घरी येऊन मी तो लेख पुन्हा काढला. लेख पतंजलींच्या पाच क्लेशांवर होता: अविद्या, अस्मिता, राग, द्वेष आणि अभिनिवेश. योगसूत्रांत रागाचा संबंध सुखाशी जोडला आहे आणि द्वेषाचा दुःखाशी. एकदा सुख मिळाले की मन त्याच्या मागे लागते, तो राग. संतापाचा तिथे विषयच नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञ कशाकशातून मुक्त असतो हे सांगताना राग, भय आणि क्रोध अशी तीन नावे वेगवेगळी घेतली आहेत. राग म्हणजेच क्रोध असता तर एकच गोष्ट दोनदा कशाला सांगितली असती? खरे तर इतके लांब जायचीही गरज नव्हती. आपल्या मराठीतच 'अनुराग' आहे, 'वैराग्य' आहे. राग म्हणजे चिडणे असते, तर न चिडणाऱ्या प्रत्येक माणसाला आपण विरागी म्हटले असते. शांत डोक्याने पैसा जमवणारे कितीतरी लोक मला ठाऊक आहेत, त्यांना कुणी वैरागी म्हणत नाही!

या शब्दाच्या मुळाशी रंगणे आहे. 'रंग' आणि 'राग' एकाच धातूपासून आले. मन एखाद्या गोष्टीच्या रंगात बुडते तोही राग, आणि संस्कृतात लालीलाही राग म्हणतात. मराठीने त्यातून चेहरा लाल करणारा भाव उचलला असावा, असे मला वाटते.

पण मग कोणता अर्थ खरा? या प्रश्नावर आपल्याकडे शेकडो वर्षे वाद झाला आहे. मीमांसक म्हणत की शब्द आणि अर्थ यांचे नाते कुणी निर्माण केलेले नाही, ते नित्य आहे. नैयायिकांना हे मान्य नव्हते. न्यायसूत्रांत आणि त्यावरच्या वात्स्यायनांच्या भाष्यात एक गमतीदार युक्तिवाद आहे. शब्दाला अर्थ स्वभावतःच चिकटलेला असता, तर 'अन्न' म्हणताच तोंड भरले असते, 'अग्नी' म्हणताच भाजले असते आणि 'तलवार' म्हणताच जीभ कापली गेली असती. तसे होत नाही. निरनिराळ्या समाजांत एकच शब्द निरनिराळ्या अर्थाने वापरला जातो, हेही त्यांनी दाखवून दिले. म्हणजे अर्थ हा लोकांमधला संकेत आहे. लहान मूल तो कसा शिकते याचे जुने उदाहरण असे: थोरला माणूस म्हणतो 'गाय आण', धाकटा गाय आणतो. मग 'गाय बांध', मग 'घोडा आण'. मूल बघत राहते आणि कोणत्या शब्दाने काय बदलले ते टिपते. इंदूरच्या घरात आई ओरडली की आजी म्हणायची, "राग आला वाटतं." मी तेच टिपले.

वाणिज्य शिकणाऱ्या मुलीला संकेत समजायला अवघड जात नाही. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री जुन्या पाचशेच्या नोटेचा कागद बदलला नाही, शाई बदलली नाही. मागच्या बाजूला पंधरा भाषांच्या पट्टीत मराठीतले 'पाचशे रुपये' ही अक्षरेही तशीच राहिली. तरी मध्यरात्रीनंतर दुकानदाराला ती नाकारता येऊ लागली. आपल्या भाषेत पैशालाही अर्थ म्हणतात आणि शब्दाच्या आशयालाही अर्थच म्हणतात, याचे मला तेव्हापासून नवल वाटते.

फरक एवढाच की नोटेचा अर्थ बदलला तेव्हा दूरदर्शनवरून घोषणा झाली. शब्दाचा अर्थ बदलतो तेव्हा कुणी काही सांगत नाही. आणि नोट माझ्या हातात असते, शब्द मात्र माझ्या विचारातच असतो. भर्तृहरींनी वाक्यपदीयात म्हटले आहे की जगातले कोणतेही ज्ञान शब्दाला सोडून होत नाही. आधी मला हे अतिशयोक्तीचे वाटायचे. आता स्वतःकडे बघून पटते. 'राग' म्हणजे चिडणे असे मनात पक्के होते, म्हणून राग-द्वेषाचा उल्लेख आला की मी निश्चिंत असायचे. मी फारशी चिडत नाही. परीक्षेत पहिला वर्ग हवाच, मैत्रिणीने आपल्यालाच आधी सांगायला हवे, हे सगळे आत चालू होते. पण त्याला माझ्याकडे नावच नव्हते, म्हणून ते मला दिसतही नव्हते. तुम्हीही एकदा पडताळून पाहा. ज्या दोषाला तुमच्या बोलीत नाव नाही, तो तुम्ही स्वतःत कधी पकडला आहे का?

आता प्रश्न काकूंचा होता. माझ्या चुकीमुळे त्यांचे भलेच झाले होते. घरात शांतता होती, सून खुश होती. मग सांगायचे कशाला? हा प्रश्न मला वाटला त्याहून अवघड निघाला. लिहिणाऱ्याच्या मनात एक अर्थ, वाचणाऱ्याच्या मनात दुसरा, आणि दुसऱ्यानेही फळ दिले, तर चूक कुठे झाली? शेवटी मी असा विचार केला की काकूंनी तो उपदेश पतंजलींचा म्हणून स्वीकारला होता आणि तो पतंजलींचा नव्हता. पासबुकात चुकून जास्त रक्कम जमा दिसली, तर ग्राहक खुश आहे म्हणून ती नोंद ठेवता येत नाही.

मी फोन केला. सगळे ऐकून काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी चिडणं सोडलं, पण ज्याच्यापायी चिडत होते ते तसंच आहे." गीतेचा दुसरा अध्याय आसक्तीतून कामना आणि कामनेतून क्रोध अशी साखळी सांगतो. ती मी त्यांना सांगणारच होते, पण त्या आधीच तिथे पोहोचल्या होत्या.

"मग आता कुठला शब्द घालणार?" त्यांनी विचारले. मी म्हणाले, "आसक्ती." "छे गं. आसक्ती म्हटलं की मला दारू आणि जुगार आठवतो. मुलाला फोन करण्याला कोण आसक्ती म्हणेल?" मी 'ओढ' सुचवले. "ओढ तर पंढरीचीही असते. ती का सोडायची?"

दोन्ही वेळा त्यांचेच बरोबर होते. शब्दकोशात अचूक असलेला शब्दही त्यांच्या मनात दुसऱ्याच घरी जाऊन बसला होता. म्हणून लेखात मी एकच एक शब्द घातला नाही. 'राग' तसाच ठेवला आणि पुढे लिहिले: म्हणजे संताप नव्हे, तर एकदा मिळालेले सुख पुन्हा मिळालेच पाहिजे असा मनाने धरलेला हट्ट. दुरुस्ती पाठवण्याआधी काकूंना वाचून दाखवली.

"लांब झालं," त्या म्हणाल्या, "पण असू दे. आणि आता ठेव, त्याच्या जेवायच्या सुट्टीची वेळ झाली."