सावली कोणाच्या वाट्याला

मे महिन्याच्या मध्यावर पुण्या-मुंबईत साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली त्याच्याच पायाखाली गडप होते. शून्य सावलीचा हा दिवस पाहायला हल्ली गच्च्यांवर, शाळांच्या पटांगणांत मुलं जमतात. बाटली किंवा पाइपाचा तुकडा उभा करून सावली नाहीशी झाल्याचे फोटो काढतात. जुलैच्या अखेरीस तोच योग पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणून वर्षातून दोनदा सूर्य असा माथ्यावर येतो आणि त्याच्यासोबत अतिनील किरणांचा माराही. अशा मुलखात उन्हापासून अंग जपण्याची एक समंजस, सगळ्यांनी मिळून पाळायची रीत असायला हवी होती. आपल्याकडे आहे ती रीत वेगळ्याच भीतीतून आली आहे.

पुण्यातल्या कुठल्याही सिग्नलला एप्रिलच्या सकाळी दहा वाजता ती दिसते. दुचाकीवरच्या मुलींनी डोक्याभोवती, नाकातोंडाभोवती स्कार्फ घट्ट गुंडाळलेला असतो, वर गॉगल, अंगात सनकोट, कोपरापर्यंत हातमोजे. नागपुरात हेच काम पांढरा दुपट्टा करतो आणि तिथे तो पुरुषांच्याही डोक्याला असतो. या बांधणीची कारणं अनेक आहेत. धूळ आहे, धूर आहे, झळा आहेत. ओळखीच्या नजरा चुकवण्याची मोकळीकही आहे, आणि तीही कमी मोलाची नाही. पण विचारलं की पहिलं उत्तर बहुधा ‘टॅन होतं’ हेच येतं. त्याच्या मागे लहानपणापासून कानावर पडलेलं वाक्य असतं: उन्हात खेळू नकोस, काळी पडशील. हे वाक्य मुलाला क्वचित ऐकावं लागतं. लग्नाच्या बायोडेटात उंची आणि रक्तगटाच्या शेजारी आजही ‘वर्ण’ हा रकाना असतो आणि तो भरताना आईवडील मुलीला एक पायरी उजळ करूनच लिहितात.

उन्हाची ही भीती आरोग्यातून आलेली नाही, ती प्रतिष्ठेतून आली आहे. उन्हात राबतो तो रापतो. सावलीत बसतो तो उजळ राहतो. युरोपातही शतकानुशतकं हेच चाललं. मजूर शेतातून कारखान्यात गेले आणि फिकट पडले, तेव्हा कुठे रापलेली कातडी सुट्टी परवडणाऱ्याची खूण झाली. दोन्हीकडे कातडीवर वाचला गेला तो माणसाचा दर्जा.

त्या दर्जाची किंमत हाडांनी मोजल्याची नोंद आपल्याच भूमीत आहे. 1922 साली हचिसन आणि शाह या डॉक्टरांचा मुंबई इलाख्यातल्या मुडदुसावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. खाऊनपिऊन सुखी, पण बायका-मुलांना पडद्यात ठेवणाऱ्या घरांत हाडं वाकलेली मुलं आढळत होती. निकृष्ट अन्नावर जगणाऱ्या, पण दिवसभर उघड्यावर असणाऱ्या गरिबांच्या मुलांत तो आजार जवळजवळ नव्हता. त्याच्या तीनच वर्षं आधी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी अतिनील दिव्यांखाली ठेवून मुडदूस झालेली मुलं बरी करून दाखवली होती. आज कारण शाळकरी पोरही सांगेल: कातडीवर ऊन पडलं की शरीरात ड जीवनसत्त्व तयार होतं. तरीही 2010 मध्ये पुण्यातल्या झोपडपट्टीतल्या लहान मुलांचा जो अभ्यास छापून आला, त्यात चित्र तेच होतं. पाळणाघरात जाऊन उन्हात खेळणारी मुलं धडधाकट होती, आणि अंधाऱ्या खोलीत दिवस काढणाऱ्या मुलांत मुडदुसाची लक्षणं होती. 1922 मध्ये सावली श्रीमंतीची होती. आता ती दाटीवाटीची, भीतीची, शहराने अंगणं गिळल्याचीही आहे.

या बाबतीत घराघरांतली एक समजूत प्रेमाने दुरुस्त करायला हवी. बाळाला तेल लावून सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवण्याची पद्धत सुखाची आहे. पण सात-आठच्या तिरप्या उन्हात ड जीवनसत्त्व घडवणारे किरण फारच थोडे असतात. स्वतःची सावली उंचीपेक्षा आखूड होते, तेव्हा ते पुरेसे पोचतात. खिडकीच्या काचेआडचं ऊन तर या कामी निरुपयोगी आहे, कारण साधी काच ते किरण अडवते. रापवणारे, सुरकुत्या आणणारे दुसरे किरण मात्र ती आत सोडते. 2012 मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एका ट्रकचालकाचा फोटो छापला गेला: 28 वर्षं खिडकीकडे असलेला डावा गाल खोल वळ्यांनी लोंबलेला, उजवा गाल मात्र वयाला साजेसा. एसटीच्या खिडकीशी बसून रोज तास-दोन तास प्रवास करणाऱ्यांनी ते छायाचित्र एकदा पाहावं.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण इथे हमखास दिलं जातं, आणि ते खरोखर मोठं आहे. 1981 साली व्हिक्टोरिया राज्यातल्या कर्करोग परिषदेने सिड नावाचा एक नाचरा सीगल पक्षी टीव्हीवर आणला. शर्ट चढवा, लोशन थापा, टोपी घाला, हे तो ‘स्लिप, स्लॉप, स्लॅप’ या तालावर गात होता. तिथल्या शाळांत टोपी नसेल तर खेळायला बाहेर सोडत नाहीत. क्रीडांगणांवर कापडी छतं ताणलेली असतात. कृत्रिमरीत्या रापवून देणाऱ्या सोलारियमचा धंदा 2016 पर्यंत जवळपास सगळीकडे बंद करण्यात आला. क्वीन्सलंडमधल्या नांबूर गावात 1992 पासून सोळाशेहून अधिक लोकांवर चाललेल्या चाचणीने रोज सनस्क्रीन लावण्याचा फायदा आकड्यांत दाखवून दिला. दर तिघांपैकी दोघांना सत्तरीपर्यंत त्वचेचा कुठला ना कुठला कर्करोग होतो, अशा गोऱ्या कातडीच्या समाजाला हे सगळं करणं भागच होतं.

पण तिथली भीती जशीच्या तशी इथे विकणं हा अपराध आहे. आपल्या कातडीतलं मेलॅनिन जन्मतःच बरंच संरक्षण देतं. भारतातल्या एकूण कर्करोगांत त्वचेच्या कर्करोगाचा वाटा अगदी थोडा आहे. मेलॅनोमा आपल्याकडे होतो तेव्हा तो पुष्कळदा तळपायावर किंवा नखाखाली निघतो, आणि त्याचा उन्हाशी संबंध नसतो. इथे ऊन वेगळं काही करतं: गालावरचे वांग गडद करतं, काहींच्या हातामानेवर खाजरं पुरळ आणतं, डोळ्यांत मोतीबिंदू लवकर पिकवायला हातभार लावतं, आणि वैशाखात माणसं मारतं. ज्यांच्या अंगात जन्मतः रंगद्रव्यच नाही, त्यांना मात्र सनस्क्रीन औषधाइतकं लागतं. आपल्या कायद्याच्या लेखी ते सौंदर्यप्रसाधन आहे, म्हणून ज्यांना ते खरोखर हवं, त्यांना ते चैनीच्या वस्तूच्या भावाने घ्यावं लागतं.

खुरपणीला जाणारी बाई काय करते, हे जवळून पाहण्यासारखं आहे. साडीवर ती नवऱ्याचा जुना फुल शर्ट चढवते. बाह्या मनगटापर्यंत, बटणं गळ्यापर्यंत. पदर कपाळावर ओढून वरून रुमाल बांधते. त्वचारोगतज्ज्ञाने यात सुधारणा सुचवावी असं फार थोडं आहे. घट्ट विणीचं, गडद, सैल कापड घामाने वाहून जात नाही. पांढरं विरविरीत सुती कापड त्या मानाने बरंच ऊन आत सोडतं, आणि भिजलं की आणखी सोडतं. लोशन मात्र दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं, आणि अंगभर नीट लावायचं तर एका वेळेला सुमारे 30 मिलिलिटर लागतं. म्हणजे बाजारातली नेहमीची 50 ग्रॅमची ट्यूब दोन वेळांनाही पुरणार नाही. जिच्या दिवसाच्या मजुरीत जेमतेम एक ट्यूब येते, तिला जाहिरातीतला सल्ला लागूच होत नाही. तिचा जुना शर्ट कुठल्याही जाहिरातीत दिसत नाही. दिसायला हवा.

जाहिरातीत दिसलं ते दुसरंच. 1975 साली ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आलं. त्याचं नाव बदलायला 2020 उजाडावं लागलं. 2014 मध्ये जाहिरात मानक परिषदेने सावळ्या माणसाला दुःखी किंवा अपयशी दाखवू नये असा नियम केला, म्हणजे तोवर तसं सर्रास दाखवलं जात होतं. पण नामांकित क्रीम निदान उघडपणे विकली जातात. खरी हानी गल्लीतल्या मेडिकलमधून, चिठ्ठीशिवाय विकल्या जाणाऱ्या स्टेरॉइडयुक्त मलमांनी केली. मोमेटासोन, क्लोबेटासोल ही एक्झिमावरची औषधं. मुली ती महिनोन्‌महिने गोरं होण्यासाठी लावतात. सुरुवातीला चेहरा उजळतो. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुरळ येतं, लव वाढते, आणि मलम थांबवलं की आग होते. असा चेहरा दहा मिनिटांचं ऊनही सोसू शकत नाही. रापलेपण घालवायला घेतलेल्या उपायाने आयुष्यभराचं ऊनच हिरावून घ्यावं, याहून वाईट फसवणूक दुसरी नाही. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा 2018 मध्ये अशी 14 मलमं चिठ्ठीवरच विकण्याचा आदेश निघाला. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात तर 2023 साली गोरं करणाऱ्या क्रीममधल्या पाऱ्याने मूत्रपिंडं बिघडलेले रुग्ण सापडले.

एकीकडे रंगासाठी एवढा खटाटोप चाललेला असतो, आणि दुसरीकडे जिथे सावलीवाचून जीव जातो तिथे ती कुणाला आठवत नाही. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर दुपारी झाला. व्यासपीठावर छत होतं. समोर लाखो माणसं उघड्या मैदानावर तासन्‌तास बसली होती. जवळच्या केंद्रावर तापमान 38 अंशांच्या आसपास नोंदलं गेलं. आकडा विदर्भाला किरकोळ वाटेल, पण समुद्राकाठच्या दमट हवेत तो जीवघेणा ठरतो. उष्माघाताने 14 जण गेले. त्यानंतर सरकारने दुपारी बारा ते पाच उघड्यावर कार्यक्रम न घेण्याचा निर्णय केला. तो योग्यच होता. पण कार्यक्रम एका दिवसाचा असतो. डांबर टाकणारे, सेंट्रिंगवरचे, चौकातले पोलीस, पार्सल पोचवणारी पोरं रोज त्या वेळेत बाहेर असतात.

या राज्याला सावलीची व्यवस्था परकी नाही. मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळची करणं हा उन्हाशी केलेला शहाणा, सरकारी, सर्वांना सारखा लागू होणारा करार आहे, आणि तो खेडोपाडी अजून पाळला जातो. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून सत्तरच्या दशकात इथे रोजगार हमी योजना उभी राहिली. पुढे 2005 च्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत कामाच्या जागी पिण्याचं पाणी, प्रथमोपचाराची पेटी आणि मुलांसाठी व विश्रांतीसाठी सावली देणं बंधनकारक झालं. म्हणजे सावली हा मजुराचा हक्क असल्याचं या देशाच्या कायद्यात एकदा लिहिलं गेलेलं आहे. केरळचं कामगार खातं दर उन्हाळ्यात बारा ते तीन उन्हातलं काम थांबवून तासांची फेरआखणी करण्याचा आदेश काढतं. महाराष्ट्रात ऊसतोडीच्या फडावर, वीटभट्टीवर, उड्डाणपुलाच्या कामावर असा आदेश दरवर्षी निघावा, त्यात छप्पर आणि पाण्याची जबाबदारी ठेकेदाराच्या नावे लिहावी, आणि रस्तारुंदीकरणाच्या निविदेत तोडलेल्या झाडांबरोबर थांब्यांवरच्या सावलीचाही हिशेब मागावा. ऊन मार्चपासून चढू लागतं. दिवाळीपासून तोवर चार महिने हाताशी असतात.