थरथर

डोंबिवलीत मानपाडा रोडजवळ एका सोसायटीत जुनी बुलेट विकायला आहे. कास्ट आयर्न इंजिन, गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा काकांनी चावीच दिली. कल्याण-शीळ रोडवर साठच्या पुढे नेली, तर आरशातला टेम्पो जाऊन नुसता एक थरथरता डाग उरला. घरी लॅपटॉप उघडला तेव्हा बोटांना मुंग्या आलेल्या, आणि मी खूश.

ही थरथर का होते ते मला कळतं. ३४६ सीसीचा एकच मोठा पिस्टन वर-खाली पळतो, क्रँकवरचं वजन त्याचा धक्का थोडाच झेलतं. उपायही जुनाच आहे, उलटा फिरणारा बॅलन्सर शाफ्ट. रॉयल एनफिल्डने २०२० साली तो मीटिऑरमध्ये दिला, २०२१ मध्ये क्लासिकमध्ये. म्हणजे दिसायला जुनी, चालायला मऊ गाडी शोरूममध्ये मिळते. तरी दिवसभर कोडमधले दोष काढून पगार घेणारा मी दोषासकट गाडी घ्यायला निघालोय. खरं सांगायचं तर दोषासाठीच.

बाबा एकतीस वर्षं लोकलने व्हीटीला गेले, बरीचशी दारात लटकून. म्हणाले, "आम्हीही पास काढून हाडं खिळखिळी करून घेतली. हौस म्हणून नाही."

लागलं. त्रासाची हौस त्यालाच परवडते ज्याला तो टाळता येतो, आणि मी तर आठवड्यातून दोनच दिवस ऑफिसला जातो. पण एवढ्याने मी थांबलो नसतो. हरिश्चंद्रगड चढणाराही आपणहून त्रास घेतो, त्याला कुणी नावं ठेवत नाही.

अडतंय ते पार्किंगपाशी. जागा एकच, म्हणजे बुलेट आली की स्कूटर जाणार. त्या स्कूटरवर मागे बसून आई ठाण्याला मावशीकडे जाते. तिला मणक्याचा त्रास आहे. गड चढणारा निदान दुसऱ्याला पाठीवर घेऊन चढत नाही. माझ्या आवडीची थरथर मात्र मागच्या सीटवरही पोचणार, आणि ती तिने निवडलेली नाही.

तिला हे सांगितलं तर म्हणाली, "घे रे, मी लोकलने जाईन." यापेक्षा नको म्हणाली असती तर बरं झालं असतं.

काका रविवारपर्यंत थांबणार आहेत. काल भाजी निवडताना आईने सहज विचारलं, "त्या गाडीला साडीगार्ड आहे का?"

"आहे," मी म्हणालो.