पाण्याची पाळी आणि शाळेचा जमाखर्च

नीरेच्या डाव्या कालव्यावर ज्यांच्या पिढ्या पोसल्या, त्या बारामती-इंदापूरच्या बागाइतदारांना राजकारण शिकविण्यासाठी बाहेरच्या पंडिताने जाण्याचे कारण नाही. कोणत्या फाट्याला आवर्तन किती दिवस चालले, शेपटाकडच्या चारीला पोहोचण्यापूर्वी पाणी कोठे अडले आणि कारखान्याने उसाची पहिली उचल इतकीच का दिली, याचा हिशेब त्यांच्या जिभेवर असतो, आणि त्याच हिशेबाने ते मत देतात. माळेगाव किंवा भवानीनगर येथील साखर कारखान्याच्या संचालक मंडळाची निवडणूक ज्याने जवळून पाहिली आहे, तो या लोकांना उदासीन म्हणण्याचे धाडस करणार नाही. नवल वाटते ते याचे, की हाच चाणाक्ष मतदार गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेविषयी उमेदवाराला सहसा एकही अडचणीचा प्रश्न विचारीत नाही.

या मुलखाची समृद्धी आकाशातून पडलेली नाही (आकाशातून येथे फारसे काही पडतच नाही, हेच तर मूळ दुखणे). 1876-77 च्या दुष्काळानंतर सरकारने भाटघरचे धरण व नीरेचा कालवा उभा केला, त्या पाण्याच्या भरवशावर 1930 नंतरच्या दशकात वालचंद हिराचंदांनी कळंबच्या माळावर साखरेचा उद्योग वसविला, आणि स्वातंत्र्यानंतर सरकारी भागभांडवल व सहकाराचा कायदा यांच्या आधाराने शेतकऱ्यांचे कारखाने उभे राहिले. ज्या भूमीची घडणच अशी सार्वजनिक खजिन्यातून झाली, तेथील माणसाने ‘शिक्षणाचे खाजगी संस्था पाहून घेतील’ असे म्हणावे, हे कृतघ्नपणाचे नसले तरी विसराळूपणाचे खास आहे. तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय 1962 साली आणि विद्या प्रतिष्ठान 1972 साली निघाले. त्यांनी बारामतीला विद्यानगरीचे रूप दिले, हे मान्य. परंतु चौथीत गेलेल्या ज्या मुलाला चार ओळी सलग वाचता येत नाहीत, त्याच्यासाठी त्या भव्य कमानी असून नसल्यासारख्याच. रयतेकडून वसूल होणाऱ्या पैशाचा लाभ वरच्या वर्गांच्या शिक्षणाला मिळतो आणि प्राथमिक शाळा उपाशी राहते, ही जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे मांडलेली तक्रार आजही दप्तरदाखल करून टाकण्याजोगी झालेली नाही.

अर्थव्यवस्थेचा विचार करणाऱ्याने तरी हा विषय भावनेचा समजू नये. जमिनीच्या वाटण्या होत होत एकेका भावाच्या नावे इतके थोडे क्षेत्र उरले आहे, की उसाच्या टनावर पुढची पिढी पोसली जाणार नाही. औद्योगिक वसाहतीतील वाहनांच्या व दुधाच्या कारखान्यांना अंगमेहनतीपेक्षा आकृती वाचणारा, मापे समजणारा कामगार हवा आहे. कृषी विकास ट्रस्टच्या शिवारात आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने उसाला पाणी व खत देण्याचे प्रयोग चालले आहेत. असे तंत्र वापरणाऱ्याला त्रैराशिक येत नसेल, तर ते तंत्र शेजारच्या मोठ्या शेतकऱ्याच्या बांधावरच थांबेल.

शासनाच्या शिक्षणसुधारणेला मतदाराने पाठिंबा द्यावा, परंतु डोळे उघडे ठेवून. 2024 साली व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या, 8 लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचे शुल्क माफ झाले, ते योग्यच झाले. पण त्याच वर्षी 15 मार्चच्या संचमान्यतेच्या निर्णयाने कमी पटाच्या शाळांतील शिक्षकांची पदेच धोक्यात आली. वाड्यावस्त्यांत विखुरलेल्या इंदापूरसारख्या तालुक्यात पट कमी असणे हा गुन्हा नव्हे, तो भूगोल आहे. मार्च 2022 मध्ये पुणे जिल्हा परिषदेची मुदत संपून कारभार वर्षानुवर्षे प्रशासकाच्या हाती राहिला, त्याबद्दल एका चुकलेल्या पाळीइतकाही गलबला झाला नाही. शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या. कारखान्याच्या एका संचालकपदासाठी भावकी फुटते, आणि या समितीवर नाव घालण्यासाठी मुख्याध्यापकाला विनवण्या कराव्या लागतात.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र याच्याही पलीकडे, उसाच्या फडात आहे. दिवाळी सरता सरता बीडकडून कोयते येतात. मुकादमाची उचल अंगावर घेतलेली नवराबायको, आणि त्यांच्यामागे पोरे. थोरली मुलगी धाकट्याला सांभाळत कोपीवर राहते किंवा वाढ्यांच्या मोळ्या बांधते, आणि गावाकडच्या शाळेच्या हजेरीपटावर तिचे नाव तेवढे उरते. तिच्यासाठी साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहांची व शिक्षण हमी पत्रकाची तजवीज झाली; कागदोपत्री उणे काही नाही. उणे आहे ते विचारणारे कोणी. तिच्या आईबापांचे मत दूर त्यांच्या गावच्या यादीत आहे, म्हणून येथल्या उमेदवाराला त्यांचे भय नाही. आणि तिकडच्या उमेदवाराला ती हंगामभर दिसतच नाही. तेव्हा तिच्या वतीने विचारण्याचा अधिकार उरतो तो ज्याच्या शेतातला ऊस तिचे आईबाप तोडतात त्याच्याकडे. पुढच्या प्रचारसभेत त्याने पाण्याच्या पाळीचा प्रश्न अवश्य विचारावा, आणि खाली बसण्यापूर्वी दुसराही विचारावा: आपल्या कारखान्याच्या हद्दीत यंदा किती कोप्या पडल्या, त्यांत शाळेच्या वयाची मुले किती, आणि त्यांपैकी आज वर्गात किती बसली आहेत?