पिनेच्या जागीं खिळा

मोडलेली वस्तु दुरुस्त करून देणें म्हणजे ती पुन्हां कधींही मोडणार नाहीं अशी करून देणें होय काय? हा प्रश्न प्रथमदर्शनीं विचारण्याजोगाही वाटत नाहीं. मोडकी होती ती बळकट केली, यांत वाईट तें काय, असें कोणीही म्हणेल. परंतु खाडीकांठच्या एका लहानशा गोष्टीवरून आमची अशी खात्री झाली आहे कीं, या प्रश्नास सर्वदा होकार देतां येत नाहीं. आणि हें न कळल्यामुळें प्रामाणिक कारागिराच्या हातूनही दुसऱ्याचें नुकसान होतें.

जे वाचक समुद्रापासून दूर राहतात त्यांच्याकरितां थोडी माहिती देणें अवश्य आहे. होडीच्या मागच्या फळीस बाहेरून अडकविण्याचें एक इंजिन असतें. नॉर्वे देशांत जन्मलेले ओले इव्हिनरूड यांनीं अमेरिकेंतील मिलवॉकी शहरीं इ. स. १९०९ मध्यें असें इंजिन विकावयास काढलें. त्याची शक्ति अवघी दीड घोड्यांची होती. त्यांच्या आधींही असे प्रयत्न झाले होते, परंतु हा धंदा नांवारूपास आणला तो मुख्यतः त्यांनीं व त्यांच्या पत्नी बेस यांनीं. आतां आपल्या कोकणच्या खाड्यांतूनही तशा जातीचीं इंजिनें चालतात, आणि त्यांपैकीं पुष्कळ एका हातून दुसऱ्या हातीं आलेलीं असतात.

या इंजिनाची रचना अशी: यंत्र वर असतें, त्यांतून एक उभा दांडा पाण्याखालीं जातो, तेथें एका लहान पेटींत दांतेरी चाकें त्याचें फिरणें एका आडव्या दांड्यास देतात, आणि त्या आडव्या दांड्यावर पंखा बसविलेला असतो. पंखा दांड्यास कायमचा जडविलेला असावा असें आपणांस वाटेल. तसें नाहीं. जुन्या लहान इंजिनांत दांड्यास आरपार भोंक असून त्यांत एक बारीक पिन घातलेली असते, आणि तिचीं दोन टोकें पंख्याच्या तुंब्यांत अडकून त्यास फिरवितात. इंजिनाची सर्व शक्ति त्या एवढ्याशा पिनेंतून जाते. तिची जाडी व तिचा धातु कारखानदारानें ठरविलेला असतो. पुष्कळदां ती पितळेची असते. ती मुद्दाम अशी केलेली असते कीं, पंखा खडपावर आदळला असतां सर्वांआधीं तीच तुटावी. वरचें यंत्र फिरूं पाहतें, खालीं पंखा दगडानें अडविलेला असतो. या दोहोंच्या मध्यें सांपडून पिन कातरली जाते. इंजिन एकाएकीं मोकळें होऊन मोठ्यानें ओरडूं लागतें आणि होडी जागच्या जागीं राहते. पण चाकांचे दांत वांचतात.

ती बदलणें अवघड नाहीं. प्रथम इंजिन बंद करून ठिणगीच्या प्लगची तार काढून ठेवावी. कारण हातानें पंखा फिरवितांना इंजिन चालू झाल्यास बोटें जावयाचीं. मग इंजिन वर उचलून टोकाची कॉटर पिन सरळ करून ओढावी, टोपी काढावी, पंखा सरकवून घ्यावा, जुने तुकडे भोंकांतून बाहेर लोटावे, नवी पिन घालावी, आणि सर्व पुन्हां पूर्ववत् बसवावें. पक्कड व सुटी पिन जवळ असल्यास हें काम होडींतच होतें. परंतु सुटी पिन जवळ नसते.

मग डब्यांतला एक खिळा हातीं लागतो, किंवा किनाऱ्यावरचा मिस्त्री कठीण पोलादाचा तुकडा कापून घालतो, आणि अभिमानानें सांगतो, “आतां ही जन्मांत तुटणार नाहीं.” त्याचें म्हणणें खरेंही ठरतें. पुढच्या वेळीं पंखा खडपावर आदळतो तेव्हां पिन शाबूत राहते आणि चाकाचे दांत उडतात, किंवा दांडा वांकतो. जुन्या इंजिनाचीं चाकें सहज मिळत नाहींत. इव्हिनरूड या नांवाचीं इंजिनें करणेंच इ. स. २०२० मध्यें बंद झालें. खडपाचा धक्का पिनेनें उत्पन्न केलेला नव्हता, तेव्हां पिन कठीण केल्यानें तो नाहींसा कसा होणार? मिस्त्रीनें मोड थांबविली नाहीं. तिची जागा मात्र बदलली, आणि तीही स्वस्त जागेवरून महाग जागेवर.

एक अनुभवी तांडेल आम्हांस म्हणाले, “खाडीच्या तोंडाशीं लाटा फुटत असतां पिन तुटली तर होडी आडवी होते. चाकें विकत मिळतात, माणसें मिळत नाहींत.” हा आक्षेप हलका नाहीं. ज्याच्या डोईवर लाट आहे त्यास पक्कड धरण्यास सवड कोठून? नव्या पुष्कळ इंजिनांच्या पंख्यांत पिनेऐवजीं रबराचा तुंबा असतो व तो धक्क्यानें घसरतो, तो या अडचणीवरही एक उपाय आहे. तरी तांडेलांच्या बोलण्यांत एक गोष्ट राहून गेली. चाकाचे दांत त्याच लाटेंत उडाले तर होडी आडवी होतेच, आणि लाटेंतून निभावली तरी तेथें दुरुस्ती होत नाहीं. पिनेची होते. वल्हीं, नांगर व चार सुट्या पिना होडींत असणें हाच त्या भीतीस योग्य जबाब आहे.

ओहोटी होडीला बाहेर ओढीत आहे आणि जवळ खिळ्यावांचून कांहीं नाहीं, अशा वेळीं खिळा घालून हळू हळू घरीं येणें यांत आम्हांस दोष दिसत नाहीं. दोष दुसऱ्या दिवशीं सुरू होतो. खिळा टोपीखालीं दिसत नाहीं, इंजिन चांगलें चालतें, आणि काढण्याचें काम उद्यांवर जातें. पुढें तें इंजिन विकलें जातें. घेणारा विचारतो, “चालू आहे ना?” विकणारा सांगतो, “चालू आहे.” यांत खोटा शब्द एकही नाहीं, तथापि हा व्यवहार खरा आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं. विकणाऱ्यास ठाऊक आहे कीं, पुढचा धक्का कोठें जाणार.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. या पिनेचा दृष्टांत घेऊन कोणी म्हणूं लागेल कीं, मोठ्यांचें रक्षण व्हावें म्हणून लहानांनीं मोडावें, अशीच जगाची रचना आहे. आपल्या गांवांतून हा उपदेश पुष्कळांनीं पुष्कळ पिढ्या ऐकला आहे; बहुधा तो मोडणाऱ्यांनीं केलेला नसतो. पिन म्हणजे माणूस नव्हे. तिला लेंकरें नाहींत, आणि तिच्यासारखी दुसरी डब्यांत असते. उलट पाहूं गेल्यास या खिळ्याच्या गोष्टींत शेवटीं मोडतो तो गरीबच. कारण जुनें इंजिन कर्ज काढून घेणारा तोच.

म्हणून जुनें इंजिन घेणाऱ्यानें पैसे देण्यापूर्वीं पंखा काढून पिन पाहावी. कारखानदारानें सांगितलेल्या धातूची व मापाची पिन असल्यास ती तशीच राहूं द्यावी. खिळा किंवा कठीण तुकडा निघाल्यास पेटींतलें तेल काढून त्यांत धातूचा चुरा आहे कीं काय हेंही पाहावें, आणि मगच किंमत ठरवावी. सुट्या पिना व पक्कड यांची पुरचुंडी होडींतच बांधून ठेवावी, घरीं नव्हे.