काचेची आतली बाजू

सज्जनहो, परमार्थात मोठमोठे प्रश्न पडतात, पण कधी कधी एखादा प्रश्न अगदी हलक्या समजल्या जाणाऱ्या कामातून उभा राहतो आणि आपली पाठ केलेली उत्तरे त्यापुढे अपुरी पडतात. यंदा उदगीर भागातल्या आमच्या गावी हरिनाम सप्ताहाच्या आदल्या दिवशी असेच झाले. प्रश्न विचारणारा कोणी शास्त्री-पंडित नव्हता. हैदराबादेस मोठमोठ्या इमारतींच्या काचा आतून पुसून पोट भरणारा गावचाच एक तरुण माळकरी होता.

आमच्याकडे खिडकीला काच ही अलीकडचीच गोष्ट. जुनी घरे माळवदाची, भिंती रुंद, खिडक्या लहान आणि लाकडी गजांच्या. काच म्हणजे कंदिलाची. ती सांजच्याला राखेने पुसायची, एवढाच काचेशी संबंध. आता देवळाच्या सभामंडपालाही सरकत्या काचा आल्या आहेत. आणि भालकी-बीदरवरून जाणारी गाडी धरून हैदराबादेत पोटापाण्याला जाणारी पोरे तर घरोघर आहेत. हैदराबाद आम्हाला परके नाही. १९५६ पर्यंत आम्ही त्याच राज्यात होतो, आणि तोवर उदगीर हा बीदर जिल्ह्याचाच तालुका होता.

तर सप्ताहासाठी रजा काढून आलेला हा पोरगा सभामंडपात शिडीवर उभा होता. मी विचारले, "काय करायलास रे लेकरा?"

"आतली बाजू पुसायलोय, काका."

"अरे, कालच पोरांनी पाइप लावून काचा धुतल्या की!"

"त्ये बाहेरून. बाहेरची धूळ पाण्यानं जाते, पावसानंबी जाते. आत कुठं पाऊस पडतो? अन् ही नुसती धूळ न्हाई. समईचा धूर, उदबत्ती, कापूर, माणसांचे हात, ह्याचा तेलकट थर हाय. समोरून दिसत न्हाई. ऊन तिरपं आलं की मग दिसतो."

त्याने मला त्याची विद्या सांगितली. काचेवर ऊन असताना पुसायचे नाही, पाणी वाळून डाग राहतात. पाण्यात साबण थेंबभरच, जास्त झाला तर साबणाचाच थर बसतो. वरून खाली यायचे. रबरी पट्टी एकदा ओढली की दर वेळी फडक्याने कोरडी करायची. ही पट्टी आजच्या रूपात १९३६ साली अमेरिकेत एत्तोरे स्टेकोने या इटलीहून आलेल्या माणसाने घडवली, आणि तोही स्वतः काचा पुसणाराच होता. शेवटी पोराने एक युक्ती सांगितली ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आतून पुसताना हात आडवा फिरवायचा, बाहेरून पुसताना उभा. मग वळ राहिला तर तो कोणत्या बाजूचा हे लगेच कळते. नाहीतर माणूस आतला डाग बाहेरून घासत बसतो.

हे ऐकून मी चपापलो. त्या थरात समईचा धूर होता, उदबत्तीचा होता, कापराचा होता. म्हणजे आपल्या पूजेअर्चेनेच ती काच मळली होती! माळ, टिळा, वारी, एकादशी हे सर्व चांगलेच आहे. पण 'मी एवढ्या वाऱ्या केल्या' ही जी बारीक काजळी त्याबरोबर बसते, ती बाहेरच्या पावसाने कशी जावी? आणि तिच्यातून पाहणाऱ्याला शेजारीच मळका दिसतो. किती वर्षे आपण आतला डाग बाहेरून घासत असू, कोण जाणे.

पण पोराचा प्रश्न याच्याही पुढचा होता. खाली उतरून तो पायरीवर बसला आणि म्हणाला, "काका, एक विचारू का? आमचं काम चांगलं झालं की काच दिसतच न्हाई. वळ राहिला तर दिसतो, मग लगेच हाक येते. बाहेरून दोरावर लटकून पुसणाऱ्याला लोक खालून बघतात, फोटू काढतात. आम्ही आत त्यांच्या टेबलाजवळ उभं राहतो, त्यांचे कागद, डबे उचलून पुन्हा होते तसे ठेवतो, पण कुणी मान वर करीत न्हाई. मग मन म्हणतं, पडद्यामागचा कोपरा कोण बघतंय? सोडून दे. सांगा, का सोडू नये?"

मी सवयीने म्हणालो, "देव बघतो, लेकरा."

तो हसला. "देव काय मुकादम हाय का, काका?"

सज्जनहो, मला उत्तर सुचले नाही. कीर्तनात हजारदा वापरलेले वाक्य त्या पायरीवर पोकळ वाजले. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी विचार करीत राहिलो.

पोराचे म्हणणे खरेच होते. भीतीने केलेले काम हे पाहणाऱ्याचे काम. पाहणारा गेला की ते संपले. देवाला मुकादम केले तर आपण पगारी नोकर झालो, भक्त कुठे राहिलो? आणि आपल्या संप्रदायाने देवाला मुकादम कधी मानलेच नाही. जनाबाईच्या जात्याला त्याने हात लावला. दामाजीपंतांसाठी विठू महार होऊन तो बेदरच्या दरबारी पैसे भरून आला. सेना महाराज पूजेत गुंतले असता त्यांची धोकटी खांद्याला लावून तो राजाच्या हजामतीला गेला, आणि सेना महाराजांना त्याचा पत्ताही नव्हता. या कथांकडे नीट पाहिले तर एक गोष्ट दिसते. देवाने काम केले ते दुसऱ्याच्या नावाने केले, पुरे केले आणि निघून गेला. पोराच्या कामात आणि या कामात मला फारसे अंतर दिसेना. मग देव त्या शिडीखाली हिशेब मांडीत उभा नसावा. तो शिडीवरच, त्याच्या शेजारी असावा.

दुसरे असे की, आरसा आपल्याला आपणच दाखवतो, खिडकीची काच दुसरे काही दाखवते. जो काच पुसतो तो कोणाला तरी आभाळ दाखवतो. पडद्यामागचा कोपरा सोडला तर उद्या तो पडदा सरकवून बसणाऱ्या माणसाला तेवढे आभाळ मळके दिसेल, आणि का ते त्याला कळणारही नाही. तो कोण, हे पुसणाऱ्याला ठाऊक नसते. ज्याची ओळख नाही, ज्याच्याकडून आभार यायचे नाहीत, त्याच्यासाठी केलेले काम म्हणजेच सेवा, असे मला वाटते. गाडगेबाबा १९५६ साली गेले. तोपर्यंत गावोगाव त्यांचा क्रम हाच होता. दिवसा खराट्याने गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने झाडायची. झाडलेल्या वाटेने कोण चालून जाईल, हे पाहायला ते थांबले नाहीत.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. हा उपदेश ज्याच्या हातात फडके आहे त्याने स्वतःला करायचा आहे. ज्याच्या हातात पगाराची वही आहे त्याने तो दुसऱ्याला करू नये. 'फळाची आशा धरू नको' असे मजुराला सांगून त्याची मजुरी कापणारा माणूस परमार्थ सांगत नाही, चोरी करतो. गाडगेबाबा काम केल्यावाचून कोणाची भाकरी घेत नसत, असे सांगतात. मग काम करवून घेऊन भाकरी न देणाऱ्याला काय म्हणावे? आणि मजुरी देऊनही ज्याच्याकडे आपण मान वर करून पाहत नाही, त्याचे आपण काही देणे लागतोच. निष्कामता ही करणाऱ्याची शोभा आहे. करवून घेणाऱ्याने तिची सवलत मागू नये.

पहाटे काकड्याला उठलो. आरती होता होता पूर्वेचे ऊन तिरपे होऊन सभामंडपात आले आणि थेट विठ्ठल-रुक्मिणीच्या पायांवर पडले. माणसे हात जोडून मूर्तीकडे पाहत होती. काचेकडे एकाचेही लक्ष नव्हते. मी मुद्दाम कोपरे पाहिले, पडद्यामागचेसुद्धा. वळ नव्हता.

पोरगा मागे टाळ घेऊन उभा होता. मी जवळ जाऊन म्हणालो, "काच दिसली नाही रे, लेकरा." तो काही बोलला नाही, वाकून पायाला हात लावू लागला. मी त्याचे हात वरच्यावर धरले आणि आपण वारकरी एकमेकांच्या पाया पडतो तसा त्याच्या पाया पडलो. तो ओशाळला, "काका, काय करायलाव!" म्हणाला.

काल्याच्या दिवशी कीर्तनकार महाराजांना नारळ दिला, तेव्हा पंचांना सांगून मांडव झाडणाऱ्या बायांना आणि काचा पुसणाऱ्या या पोरालाही नारळ द्यायला लावला. फार मोठे काही केले नाही. इतकी वर्षे ते सुचले नव्हते, एवढे मात्र कबूल करतो. माझ्या आतल्या बाजूचा तो एक वळ त्या पोराने दाखवला. अजून किती असतील ते तिरपे ऊन येईल तेव्हा दिसतील. तोवर फडके हातात ठेवावे आणि नाम मुखात. रामकृष्ण हरी.