मेल उशिरा आला नव्हता

उभा राहा. तू एकटाच नाही. शुक्रवारी सकाळी नऊला मुलाखतीला जायचं होतं आणि जे गेले नाहीत, ते चौघंही उभे राहा. मागच्या बाकावरून हसू नका. परवा प्रॅक्टिकलच्या तासाला मी तुमचे फोन पाहिलेत, निम्म्या वर्गाची गत हीच आहे.

"मॅडम, मेल उशिरा आला." चौघांचंही एकच वाक्य. तुमच्या शब्दावर विसंबून मी तेच त्या कंपनीच्या बाईंना फोनवर सांगितलं, तुमच्यासाठी गळ घातली. त्या वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी फक्त मेल पाठवल्याची वेळ वाचून दाखवली. गुरुवार, दुपारी ४ वाजून १० मिनिटं. शनिवारची मुलाखत शुक्रवारी सकाळी नऊला घेत आहोत, आज सात वाजेपर्यंत होकार कळवा, असा तीन ओळींचा मेल. मला पुढे बोलता आलं नाही. मग मी तुला लॅबमध्ये बसवलं आणि तोच मेल उघडून 'शो ओरिजिनल' दाबायला लावलं. काय लिहिलं होतं तिथं? मोठ्यानं सांग, सगळ्यांना ऐकू दे. दोन सेकंद! पाठवल्यापासून दोन सेकंदांत तो तुझ्या खात्यात येऊन पडला होता आणि तू तो पाहिलास शुक्रवारी अकरा वाजता. जवळजवळ एकोणीस तासांनी. नाचता येईना तर अंगण वाकडं म्हणायचं असेल, तर निदान या शाखेत शिकून म्हणू नकोस.

मेल चुकला याचा राग आहेच. त्याहून मोठा राग तुझ्या पुढच्या वाक्याचा आहे. "सिंक बंद ठेवतो मॅडम, बॅटरी खातं." कम्प्युटर नेटवर्क्सच्या पेपरला बसणाऱ्या मुलानं हे म्हणावं? पुश आणि फेच यांतला फरक मी याच फळ्यावर दोनदा काढून दाखवलाय. पालथ्या घड्यावर पाणी ओतलं मी. पुन्हा सांगते, आणि या खेपेला वही उघडून ऐका.

फेचमध्ये फोन दर पंधरा मिनिटांनी सर्व्हरकडे जाऊन "माझं काही आलंय का?" असं विचारत असेल, तर दिवसाला ९६ फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीला झोपलेला रेडिओ जागा करायचा, जोडणी उभी करायची, कूटबद्ध बोलण्यासाठी किल्ल्यांची देवाणघेवाण करायची, स्वतःची ओळख पटवायची, विचारायचं, आणि बहुतेक वेळा "काही नाही" एवढं ऐकून परत यायचं. परत आल्यावरही रेडिओ लगेच झोपत नाही. आणखी काही येईल म्हणून काही सेकंद ताटकळतो. बॅटरी खाते ती ही वणवण. पुशमध्ये फोन एक जोडणी उघडी ठेवून गप्प पडून राहतो. मधूनमधून एखादा चिमुकला संदेश जातो, जोडणी जिवंत आहे एवढं कळवण्यापुरता. नवा मेल आला की हाक मारण्याचं काम सर्व्हरचं. अँड्रॉइडवर गूगलची अशी एकच जोडणी अनेक अ‍ॅप्सना मिळून पुरते. क्रिकेटचा स्कोअर आणि खरेदीच्या जाहिराती तुझ्या फोनवर जिच्यावरून येतात, ती हीच. ती उघडीच आहे. मग जीमेलचं सिंक बंद करून तू वाचवलंस काय? ज्याला दिवसाला शेकड्यांनी मेल येतात त्याचा हिशेब वेगळा, कारण प्रत्येक मेलमागे फोन जागा होतो. तुला कामाचे मेल येतात पाच.

पोस्टमन दारात येतो म्हणून आपण रोज पोस्टाच्या खिडकीशी जाऊन उभे राहत नाही. तू काय केलंस? पोस्टमनला येऊ नकोस म्हणालास आणि खिडकीकडेही फिरकला नाहीस.

ही सोय आकाशातून पडलेली नाही. पूर्वी मेल मिळवायचा म्हणजे आपण होऊन सर्व्हर गाठायचा, असेल ते उतरवून घ्यायचं आणि जोडणी तोडायची. १९९७ साली आयमॅपमध्ये, म्हणजे सर्व्हरवरचा मेल वाचण्याच्या ठरलेल्या पद्धतीत, 'आयडल' नावाची आज्ञा आली. तिचा दस्तऐवज आरएफसी २१७७. फोन म्हणतो, मी थांबलोय, काही आलं तर तूच सांग. सर्व्हर अर्ध्या तासाच्या शांततेनंतर जोडणी तोडू शकतो, म्हणून २९ मिनिटांच्या आत ती आज्ञा पुन्हा द्यावी, असं त्या दस्तऐवजात लिहिलंय. तीस नाही, एकोणतीस. कुणीतरी बसून एवढ्या बारकाईनं विचार केलाय, तुमचा निरोप एक मिनिटही रखडू नये म्हणून.

आणि १९९९ मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू गावच्या रिसर्च इन मोशन कंपनीनं ब्लॅकबेरी ८५० आणला. पेजरएवढं यंत्र, खाली बोटाएवढा कीबोर्ड, आणि आत कोणती बॅटरी माहीत आहे? एक पेन्सिल सेल. घरात भिंतीवरच्या घड्याळात घालतो तो. कंपनीच्या सर्व्हरवर मेल पडला की तिथलंच सॉफ्टवेअर तो उचलून, कूटबद्ध करून, वायरलेस जाळ्यातून थेट माणसाच्या कमरेवरच्या यंत्रात पोचवायचं. माणसानं काहीही दाबायची गरज नव्हती. एका पेन्सिल सेलवर जे काम सव्वीस-सत्तावीस वर्षांपूर्वी होत होतं, ते तुझ्या पाच हजार एमएएचच्या फोनला झेपत नाही म्हणतोस?

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांच्या वेळी न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनमध्ये फोनच्या लाइन तुंबल्या, आवाज जाईना. ब्लॅकबेरीवरचे मेल मात्र जात-येत राहिले. त्यानंतर अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहानं आपल्या सदस्यांना ही यंत्रं दिली. चैन म्हणून दिली नाहीत. संकटात निरोप पोचायला हवा म्हणून दिली. पुढे २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्स्चेंज या आपल्या मेल सर्व्हरमध्ये डायरेक्ट पुश आणलं, २००८ मध्ये आयफोनवर एक्स्चेंजचा पुश मेल आला, आणि मोठ्या साहेबांच्या कमरेला असलेली वस्तू तुमच्या खिशात फुकट येऊन पडली. फुकट मिळाली म्हणून तिची किंमत कळेना झालीय.

तू गावाहून रोज एसटीनं येतोस. घाटात अर्धा तास रेंज नसते, मला ठाऊक आहे, मीही त्याच रस्त्यानं येते. त्या अर्ध्या तासात आलेला मेल कुठं जातो? सर्व्हरवर थांबतो. घाट उतरलास, टॉवर सापडला, की जोडणी पुन्हा जुळते आणि तो आपण होऊन फोनवर येतो. तुला आठवण ठेवावी लागत नाही. शहरातल्या मुलाच्या टेबलावर दिवसभर लॅपटॉप उघडा असतो, समोर मेल दिसत राहतो. तुझ्याकडे लॅपटॉप नाही, फोनच आहे. म्हणजे पुशची गरज या वर्गात सर्वांत जास्त कुणाला असेल तर ती तुला, आणि नेमकं तूच ते बंद करून बसलास. म्हणून तुला जास्त बोलतेय.

अगं तू, आयफोनवाली, मान का खाली घातलीस? तुझं सिंक चालू होतं, कबूल. पण जीमेलचं खातं तू अ‍ॅपलच्या मेल अ‍ॅपमध्ये घातलंयस आणि तिथं फेच 'मॅन्युअल'वर ठेवलंयस. गूगलनं २०१३ च्या जानेवारीपासून फुकट खात्यांच्या नव्या फोनना एक्स्चेंजच्या वाटेनं पुश देणं थांबवलं. तेव्हापासून त्या अ‍ॅपमध्ये जीमेल फेचनंच येतो. पुश हवं असेल तर जीमेलचंच अ‍ॅप टाकायचं. सेटिंगमध्ये 'फेच' हा शब्द तुझ्या डोळ्यांसमोर रोज होता. वाचलास का कधी?

"सारखं वाजतं, अभ्यासातून लक्ष उडतं," असं तिकडून कोण म्हणालं? या बोलण्यात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. जर्मनीत फोक्सवॅगननं २०११ मध्ये काही कर्मचाऱ्यांच्या ब्लॅकबेरीवर पाळी संपल्यावर अर्ध्या तासानं मेल ढकलणं थांबवलं आणि दुसऱ्या दिवशी पाळीच्या अर्धा तास आधी पुन्हा सुरू केलं. फ्रान्सनं तर कामाच्या वेळेबाहेर निरोपांपासून दूर राहण्याचा हक्क कायद्यात आणला, १ जानेवारी २०१७ पासून. पण नीट बघा, त्यांनी वेळ ठरवली. कोणता निरोप केव्हा यावा ते ठरवलं. तुम्ही काय ठरवलंत? पिझ्झाची सूट चालू, रील चालू, बूट विकणाऱ्यांची आरोळी चालू, आणि नोकरी देणाऱ्याचा मेल तेवढा बंद. लक्ष उडवणारं सगळं ठेवलंत आणि कामाचं तेवढं काढून टाकलंत. हे मला अभ्यासाच्या नावावर सांगू नका.

"व्हॉट्सअ‍ॅपवर का कळवत नाहीत?" हेही नको. साठ मुलांना एका पत्त्यावरून, विषय लिहून, सोबत पत्र जोडून, वेळेच्या नोंदीसह कळवायचं असतं तेव्हा जबाबदार माणसं मेल करतात. तीच नोंद आज तुमच्या विरुद्ध उभी राहिली. उद्या तीच तुमच्या बाजूनंही उभी राहील, तुम्ही वेळेत उत्तर दिलंत तर.

आता करायचं ते ऐका. जीमेलचं सिंक चालू. बॅटरीच्या सेटिंगमध्ये जीमेलवरचं बंधन काढा. 'सगळं साफ' करून अ‍ॅप मारण्याची सवय सोडा. प्लेसमेंटच्या पत्त्यावरून येणाऱ्या मेलला वेगळं लेबल लावा आणि त्या लेबलला वेगळा आवाज द्या. दुकानांचे मेल आज घरी जाऊन अनसबस्क्राइब करा, एकेक करून, सगळे. खरेदीच्या अ‍ॅपची नोटिफिकेशनं बंद.

त्या कंपनीच्या बाईंशी मी काल पुन्हा बोलले. पुढच्या महिन्यात त्यांची दुसरी फेरी आहे. तुमची चार नावं पाठवायची की नाही हे त्यांनी माझ्यावर सोडलंय, आणि मी अजून ठरवलेलं नाही. उद्या दिवसभरात केव्हातरी मी चौघांना एका ओळीचा मेल टाकणार आहे. वेळ सांगणार नाही. तासाला असाल, एसटीत असाल, जेवत असाल. अर्ध्या तासात ज्याचं उत्तर येईल त्याचं नाव जाईल. घाटात अडकलात तर रेंज आल्यापासूनची वेळ मी धरेन, त्याची काळजी करू नका.

बसा खाली. आणि फोन काढा.